प्रथिनांची दप्तरे

पुरस्कर्ता : प्रथिनांविषयी आजवर जे ज्ञान जमा झाले ते एका ठिकाणी नाही, ही आपल्या काळातील जीवशास्त्राची एक मोठी अडचण आहे, असे मी मानतो. अनुक्रम एका दप्तरात, संरचना दुसऱ्यात, कार्य तिसऱ्यात आणि रोगाशी असलेला संबंध चौथ्यात, अशी ही वाटणी कोणी बुद्धिपुरस्सर केलेली नाही; ती कालक्रमाने होत गेली. मार्गारेट डेहॉफ यांनी १९६५ मध्ये अनुक्रमांचा जो संग्रह छापला त्यात ६५ अनुक्रम होते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत १९७१ मध्ये प्रोटीन डेटा बँक उघडली तेव्हा तिच्यात अवघ्या सात संरचना होत्या. १९८६ मध्ये जिनिव्हाच्या आमोस बेअरोक यांनी स्विस-प्रोट सुरू केले, ते प्रत्येक अनुक्रमाखाली त्या प्रथिनाविषयीचे ज्ञान जाणत्या माणसाने शोधनिबंध वाचून, पारखून लिहावे या हेतूने. पुढे आकारांची आणि कुळांची वर्गवारी करणारे स्कोप, कॅथ आणि पीफॅम हे कोश, तसेच कार्याची नियत परिभाषा ठरवणारी जीन ऑन्टॉलॉजी, ही सारी १९९५ च्या आसपासच्या पाच-सहा वर्षांत उभी राहिली. प्रत्येकाचे क्रमांक निराळे, परिभाषा निराळी, वहिवाट निराळी. ही दप्तरे एकमेकांशी नीट जोडली, तर एखाद्या प्रथिनाचा आकार न्याहाळणाऱ्यास त्याच बैठकीत त्याचे कार्य, त्याचे गोत्र आणि त्यात संभवणारे दोष दिसू लागतील. आणि आकार व कार्य यांच्या संबंधाचे कोडे माझ्या मते निम्मे तरी उलगडेल.

शंकाकार : निम्मे हा हिशेब आपण कोणत्या आधारावर मांडलात ते मला कळले नाही, पण तो वाद मागाहून करू. आधी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट तपासू. हीमोग्लोबिन घ्या. याचा आकार उलगडण्यासाठी मॅक्स पेरुत्झ यांनी दोन दशकांहून अधिक काळ वेचला, आणि त्यातील एका दोषातून उद्भवणारा सिकलसेल आजार गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंतच्या कितीतरी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा रेणूचा रोग असल्याचे सांगितले, आणि व्हर्नन इन्ग्रम यांनी केंब्रिजमध्ये १९५६-५७ च्या सुमारास दाखवून दिले की, बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले एवढाच काय तो फेरबदल आहे. पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे 'सहावे स्थान' हेच चालत आले, आणि प्रोटीन डेटा बँकेतील संरचनांतही तो सहावाच आहे. परंतु स्विस-प्रोट ज्यात सामावले आहे त्या युनिप्रोट कोशाच्या नोंदीत तोच सातवा आहे. कारण तेथे गणती आरंभीच्या मेथिओनीनपासून होते, आणि ते मेथिओनीन पेशी पुढे छाटून टाकते. आता आपल्या जोडणाऱ्या यंत्राने युनिप्रोटचा 'सातवा' उचलून संरचनेतील सातव्यावर नेऊन बसवला, तर काय होईल? तेथेही ग्लुटामिक आम्लच आहे, कारण या साखळीत सहावे आणि सातवे ही दोन्ही स्थाने ग्लुटामिक आम्लाचीच आहेत. म्हणजे 'मूळ घटक जुळतो काय' ही खातरजमा यंत्राने इमानाने केली तरी उत्तर 'जुळतो' असेच येणार, आणि चूक शिक्कामोर्तब होऊन पुढे जाणार. ज्या प्रथिनाचा सर्वांत अधिक अभ्यास झाला त्याची ही अवस्था, तर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही अशा लक्षावधींची काय कथा?

पुरस्कर्ता : आपला दाखला मार्मिक आहे, आणि तो मी माझ्याच बाजूने वापरणार आहे. ही अडचण दप्तरे जोडल्यामुळे निर्माण झालेली नाही; ती अर्धवट जोडल्यामुळे होते. नोंदीला नोंद जोडणे हे काम सोपे, पण निरुपयोगी. अमिनो आम्लाला अमिनो आम्ल जोडले पाहिजे. केंब्रिजजवळच्या युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स संस्थेत 'सिफ्ट्स' या नावाने हेच काम चालते. प्रोटीन डेटा बँकेतील प्रत्येक साखळीचा प्रत्येक घटक युनिप्रोटमधील कोणत्या घटकाशी जुळतो याचा तक्ता तेथे तयार होतो, आणि दप्तरात फेरफार झाला की तोही सुधारला जातो. तेव्हा आपला सहावा आणि युनिप्रोटचा सातवा हे एकच होत, हे यंत्राला आज ठाऊक आहे. हा तक्ता नसता तर सिकलसेलचा घटक संरचनेत कोठे बसतो हे दाखवणारी कोणतीही साधने निर्धोकपणे चालली नसती.

शंकाकार : क्रमांक जुळले, मान्य. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सिकलसेलच्या हीमोग्लोबिनचा आकार आणि निरोगी हीमोग्लोबिनचा आकार, एकेका रेणूपुरते पाहिले तर जवळजवळ सारखेच. कार्याच्या रकान्यात दोघांपुढे एकच मजकूर : प्राणवायूचे वहन. दोघेही ते करतात. मग ज्या अर्थी आकार तोच आणि कार्य तेच, त्या अर्थी रोग कोठून आला? आपल्या दोन्ही रकान्यांत तो कोठेच लिहिलेला नाही.

पुरस्कर्ता : तो तिसऱ्या ठिकाणी लिहिलेला आहे, आणि तेथवर जाण्यासाठीच जोडणी हवी. प्रोटीन डेटा बँकेतील 'टू-एचबीएस' या खुणेची नोंद उघडा. प्राणवायू सोडून दिलेल्या सिकलसेल हीमोग्लोबिनची ती स्फटिक-संरचना आहे. तिच्यात एकटा रेणू पाहू नका, शेजारच्यासह पाहा. एका रेणूचे ते सहावे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतील एका खळग्यात जाऊन बसलेले दिसेल. त्या खळग्याच्या भिंती ८५ व्या स्थानचे फेनिलॲलनीन आणि ८८ व्या स्थानचे ल्युसीन यांच्या आहेत. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, म्हणून ते त्या तेलकट खळग्यात सामावत नाही, व्हॅलीन सामावते. अशा सांध्यांनी रेणूंच्या जोडसरी बनतात, आणि १४ सरींचे ताठर तंतू होऊन तांबड्या पेशीला कोयत्याचा आकार देतात. रोगाचा उगम एका रेणूच्या आकारात नसून दोन रेणूंच्या सीमेवर आहे. आता ज्या साधनात अनुक्रमातील दोषांची यादी, संरचनेतील शेजार आणि पृष्ठभागाचे गुणधर्म एकत्र येतात, त्या साधनास हा सांधा दाखवता येतो. सुट्या दप्तरांत तो शोधायला माणसास कित्येक दिवस लागले असते.

शंकाकार : माणसास दिवस नव्हे, वर्षे लागली; आणि आपले साधन आज तो सांधा दाखवते ते त्या माणसांनी तो आधीच शोधून ठेवला म्हणून. तो स्फटिक ज्यांनी वाढवला त्यांना काय शोधायचे ते ठाऊक होते : प्राणवायू सोडल्यावरच पेशी वाकडी होते हे डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली फार पूर्वी पाहिले होते. प्रश्न रोग्याच्या रक्ताने विचारला. उत्तर मागाहून दप्तरात गेले. माझा आक्षेप जोडणीवर नाही. जोडणी झाली की ज्ञान आपोआप निपजते, या श्रद्धेवर आहे. आपल्याला उलटे उदाहरण देतो. कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे एंझाइम जिवाणूंच्या कवचातील साखरेची साखळी तोडते. १९६५ मध्ये डेव्हिड फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची संरचना उलगडली, आणि संरचना कळलेले ते पहिले एंझाइम ठरले. दुधातील आल्फा-लॅक्टाल्ब्युमिन त्याचे सख्खे भावंड : अनुक्रमात सुमारे ४० टक्के साम्य, घडण तर ओळखू येऊ नये इतकी सारखी. परंतु ते काहीच तोडत नाही. दुसऱ्या एका एंझाइमाच्या सोबतीला राहून दुधातील साखर बनवण्यास साहाय्य करते. एक साखरेची साखळी तोडणारे, दुसरे साखर जोडणाऱ्याचे मदतनीस! आपल्या यंत्राने 'आकार जुळला, तेव्हा कार्यही जुळले' असा निवाडा दिला असता.

पुरस्कर्ता : आपण त्या कथेचा उत्तरार्ध सांगितला नाही. १९६९ मध्ये फिलिप्स यांच्याच गटाने लायसोझाइमच्या आकारावरून आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनचा आकार कल्पून मांडला. भावंडाच्या संरचनेवरून न पाहिलेल्याची संरचना अनुमानण्याचा तो आरंभीचा प्रयत्न, आणि पुढे स्फटिकाने त्याची घडण योग्य ठरवली. म्हणजे अनुक्रमाच्या साम्यावरून आकार काढणे सुरक्षित होते. आकारावरून कार्य काढणे सुरक्षित नव्हते. हे दोन निराळे टप्पे आहेत, आणि त्यांची गल्लत करणारी जोडणी वाईटच. परंतु लायसोझाइममध्ये तोडण्याचे काम मुख्यतः ज्या ३५ व्या स्थानच्या ग्लुटामिक आम्लावर अवलंबून आहे, ते आल्फा-लॅक्टाल्ब्युमिनमध्ये त्या जागी नाही. घटकाला घटक जोडलेला कोश हे चटकन दाखवतो, आणि कार्य तेच असेल काय याविषयी धोक्याची सूचना देतो. नवी माहिती निर्माण होत नाही हे आपले म्हणणे खरे. पण कोठे शंका घ्यावी हे कळणे हीसुद्धा माहितीच नव्हे काय?

शंकाकार : सूचना देतो हे खरे, पण ती वाचतो कोण? कार्याच्या नोंदींचा व्यवहार असा चालतो : एका प्रथिनावर कोणीतरी प्रयोग केला आणि त्याचे कार्य लिहिले. त्याच्यासारखा अनुक्रम दुसऱ्या जीवात सापडला. यंत्राने पहिल्याचा मजकूर दुसऱ्याखाली उतरवला. तिसऱ्यास दुसऱ्याचा आधार मिळाला, चौथ्यास तिसऱ्याचा. चौथ्याच्या आणि पहिल्याच्या दरम्यान साम्य कितपत उरले याची चौकशी कोणी केली नाही. पॅट्रिशिया बॅबिट यांच्या गटाने २००९ मध्ये ३७ एंझाइम-कुळांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हाताने लिहिलेल्या स्विस-प्रोटमध्ये चुका जवळजवळ नव्हत्या. यंत्राने भरलेल्या मोठ्या कोशांत मात्र काही कुळांपुरत्या निम्म्याहून कितीतरी अधिक नोंदी चुकीच्या निघाल्या. त्यांतल्या बहुतेक चुका एकाच जातीच्या : पुरावा जेवढे सांगतो त्याहून अधिक नेमके कार्य लिहून टाकणे. आणि आता आपण अशी तीन दप्तरे जोडता, तिन्हींत तोच मजकूर आढळतो, आणि आपण म्हणता की तीन स्वतंत्र साक्षी मिळाले. साक्षी एकच, नकला तीन.

पुरस्कर्ता : हा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि तो टाळण्याचा प्रयत्न मी करणार नाही. तरी उपाय अगदीच नाही असे नाही. जीन ऑन्टॉलॉजीच्या प्रत्येक विधानासोबत पुराव्याची खूण असते : प्रत्यक्ष प्रयोगावरून, अनुक्रमाच्या साम्यावरून, की कोणीही न तपासता यंत्राने. युनिप्रोटमध्ये जुन्या आवृत्त्याही जपलेल्या असतात. गावच्या दप्तरात फेरफाराखाली तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते, म्हणून पुढे तंटा झाला तर मूळ कागदापर्यंत जाता येते. येथेही तशीच सोय केलेली आहे. दोष असला तर तो जोडणाऱ्या साधनांचा, कारण ती पुराव्याची खूण मागे ठेवून केवळ मजकूर उचलतात.

शंकाकार : आणि का उचलतात? कारण वाचणाऱ्यास एक स्वच्छ उत्तर हवे असते. संगणकाच्या पडद्यावर एक रंगीत आकृती, तिच्याखाली एक ओळ कार्य. पुराव्याची खूण कोपऱ्यात बारीक अक्षरांत. हा मनुष्यस्वभाव आहे, आणि जोडणी त्यास खतपाणी घालते. संरचनेचेच पाहा. १९९४ पासून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कॅस्प या परीक्षेत, अनुक्रमावरून आकार ओळखण्याच्या शर्यतीत, २०२० मध्ये अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने बाजी मारली. २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अनुमानित आकार सर्वांस खुले झाले, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेमिस हसाबिस, जॉन जम्पर आणि डेव्हिड बेकर यांस मिळाले. या कर्तृत्वापुढे मी मान लववतो. परंतु त्या फायली कशा लिहिल्या आहेत ते पाहा. प्रयोगाने मिळवलेल्या संरचनेच्या फायलीत प्रत्येक अणूपुढे एक आकडा असतो. तो मोठा असला तर त्या अणूची जागा डळमळीत समजावी. अल्फाफोल्डच्या फायलीत त्याच रकान्यात विश्वासाचा आकडा घातलेला आहे; तो मोठा असला तर जागा खात्रीची. एकच रकाना, अर्थ नेमका उलटा! ज्याने हे ध्यानात न घेता दोन्ही फायली एकाच साधनातून चालवल्या, त्याला खंबीर भाग लुळा आणि लुळा भाग खंबीर दिसणार.

(लेखकाची एक पुस्ती : संरचनेच्या या फायलींचा जुना नमुना छिद्रित पत्त्यांच्या काळातला, ८० रकान्यांचा. त्यात अणूंच्या क्रमांकास पाचच आकडे मावतात, म्हणून ९९,९९९ च्या पुढे गणती जात नाही, आणि रायबोसोमसारखा प्रचंड घडाव त्यात बसवताना त्याचे तुकडे करावे लागत. नवा नमुना यासाठीच आला. तरीही जुना सुटत नाही, कारण शेकडो साधने त्याच्यावर पोसलेली आहेत; शास्त्रातही सरकारी कचेरीसारखी वहिवाट ही एक बलवत्तर शक्ती आहे, असे मला वाटते.)

पुरस्कर्ता : त्या रकान्याचा दाखला मी नाकारत नाही, नव्या नमुन्यात त्या आकड्यास स्वतंत्र नाव आहे, एवढेच म्हणतो. परंतु आपण अनुमानाकडे केवळ फसवणुकीची जागा म्हणून पाहता, ते मला न्याय्य वाटत नाही. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये प्रथिनाच्या कण्यातील दोन कोनांचा जो नकाशा काढला, तो तरी काय होता? कोणते कोन शक्य आणि कोणते अशक्य, हे अणूंच्या आकारमानावरून केलेले ते अनुमानच होते. आज प्रोटीन डेटा बँकेत येणारी प्रत्येक संरचना त्या नकाशावर ठेवून तपासली जाते, आणि किती घटक निषिद्ध भागात पडले ते जाहीर केले जाते. अनुमान हे प्रयोगाचा पहारेकरी झाले. अल्फाफोल्डच्या आकारांकडूनही मला तीच अपेक्षा आहे.

शंकाकार : पहारेकरी म्हणून मला ते चालेल. पण ते साक्षीदार म्हणून उभे केले जातात. अल्फाफोल्डच्या कोशातील हीमोग्लोबिन साखळी उघडा. आकार बिनचूक, मात्र हीम नाही, लोह नाही. प्राणवायू ज्याला चिकटतो तेच अनुपस्थित! आकाराचा कोश आणि कार्याचा कोश जोडला, आणि कार्याचा कर्ताच मधून गळला.

पुरस्कर्ता : त्यासाठीच 'अल्फाफिल' नावाचे साधन झाले. नातलग प्रथिनांच्या प्रयोगसिद्ध संरचनांतून हीम, धातू, सहकारी रेणू उचलून ते अनुमानित आकारात योग्य जागी बसवले जातात. दोन कोश जोडल्यावाचून हे झाले नसते.

शंकाकार : आणि नातलगास हीम आहे म्हणून यासही आहे, हे आणखी एक अनुमान त्यात मिसळले. असो; हीमोग्लोबिनपुरते ते बरोबर आहे. आता मी ज्या मुद्द्यासाठी हा वाद सुरू केला तेथे येतो. कार्य हा रेणूचा गुण आहे, हे आपण गृहीत धरता. जसे वजन किंवा लांबी. बदकाच्या डोळ्याच्या भिंगात एप्सिलॉन-क्रिस्टलिन नावाचे प्रथिन विपुल असते. ते म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, तेच एंझाइम जे इतरत्र लॅक्टेटचा चयापचय करते. भिंगात त्याचे कार्य प्रकाश जाऊ देणे. आकार एक, रेणू एक, कार्ये दोन. भेद केवळ जागेचा. उलट काही प्रथिनांना स्थिर आकारच नसतो, तरी ती कामे करतात. आणि सिकलसेलच घ्या. आपल्याकडील बहुतेक रुग्णांत जनुकाचा जो 'अरब-भारतीय' म्हणून ओळखला जाणारा नमुना आढळतो, त्यात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन मोठेपणीही अधिक प्रमाणात टिकते, आणि ते तंतू बनण्यात अडथळा आणते; म्हणून आफ्रिकेतील अनेक नमुन्यांपेक्षा आजार पुष्कळदा सौम्य राहतो, जरी विदर्भात तीव्र रुग्णही आढळतात. सहावे व्हॅलीन तेच, संरचना तीच. बदलला तो शेजार. हे आपण कोणत्या नोंदीखाली लिहाल?

पुरस्कर्ता : दोन्ही नोंदींखाली, आणि तिसरी नोंद त्यांच्या संबंधाची. जीन ऑन्टॉलॉजीत रेणूचे कार्य, त्याची जैविक प्रक्रिया आणि पेशीतील त्याचे स्थान हे तीन भाग वेगळे ठेवलेले आहेत, ते याच कारणाने. कार्य रेणूपुढे न लिहिता रेणू, स्थान, सोबती आणि अवस्था या चौकडीपुढे लिहावे, ही आपली मागणी मी तत्त्वतः मान्य करतो. किंबहुना आता माझे मत असे झाले आहे की, जोडणीचे खरे फळ एक उत्तर देण्यात नाही. जेथे दोन दप्तरांचा मेळ बसत नाही ते ठिकाण दाखवण्यात आहे. आकार जुळतो पण मोक्याचा घटक नाही. कार्य लिहिले आहे पण पुरावा यंत्राचा. आकार आहे पण त्यातील विश्वासाचा आकडा खाली. ही विसंगतींची यादी एखाद्या एकट्या कोशातून कधीच निघणार नाही.

शंकाकार : मग ती यादी वाचायला माणूस लागेल, आणि नेमका तोच स्वस्त नाही. १९९६ मध्ये स्विस-प्रोटचा निधी आटून ते बंद पडण्याची वेळ आली होती. जगभरच्या शास्त्रज्ञांनी गाऱ्हाणे केले तेव्हा ते वाचले, आणि १९९८ मध्ये त्यातूनच स्विस बायोइन्फर्मॅटिक्स संस्था उभी राहिली. जोडणीच्या नव्या साधनास अनुदान मिळते. जुन्या नोंदी वाचणाऱ्याच्या पगारास मिळेलच असे नाही. त्या चौकडीचे रकाने भरायचे तर एकेका प्रथिनामागे आणखी कितीतरी शोधनिबंध वाचावे लागतील. हे गणित आपण मांडून पाहिले आहे काय?

पुरस्कर्ता : पाहिले आहे, आणि ते माझ्या विरुद्ध जाते. युनिप्रोटच्या हाताने तपासलेल्या भागात सुमारे पावणेसहा लक्ष नोंदी आहेत. यंत्राने भरलेल्या भागात २०२३ च्या सुमारास वीस कोटींहून अधिक होत्या. सर्व वाचून होणार नाहीत. म्हणूनच कोणत्या आधी वाचाव्यात हे ठरवण्यासाठी दप्तरे जोडली पाहिजेत.

शंकाकार : तेवढ्यापुरती जोडणी मला मंजूर आहे. कार्याचा रिकामा रकाना भरण्यासाठी नाही.